एक गाणे, अनेक गळे : जुनी अमेरिकन गाणी ऐकण्याची एक पद्धत

साधारण १९२० ते १९६० या काळातील अमेरिकन लोकप्रिय गाण्यांकडे वळणारा नवा श्रोता बहुधा एखाद्या नामवंत गायकाच्या निवडक गाण्यांच्या संग्रहापासून सुरुवात करतो. वीस-पंचवीस गाणी ओळीने ऐकून झाली की आवाज गोड वाटतो, चाली मात्र एकमेकींसारख्या वाटू लागतात, आणि महिन्याभरात हा नाद सुटतो. माझा सल्ला असा की सुरुवात उलट्या टोकाने करावी. एकच गाणे निवडावे आणि ते पाच-सहा गायकांच्या आवाजात दोन-तीन आठवडे पुन्हा पुन्हा ऐकावे. ही गाणी मुळात तशीच ऐकण्यासारखी आहेत, कारण ती कोणा एका गायकाच्या मालकीची नव्हती. संगीतकार आणि गीतकार गाणे रचत, प्रकाशक त्याचे स्वरलेखन छापून विकत, आणि ज्याला ते पसंत पडेल तो आपल्या पद्धतीने गाई. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनमधील वेस्ट २८ व्या रस्त्यावर अशा प्रकाशकांची कार्यालये एकमेकांना खेटून होती, आणि त्या वस्तीला ‘टिन पॅन अ‍ॅली’ असे नाव पडले होते. गाणे सामायिक असल्यामुळे गायकाचे वेगळेपण चालीत शोधून सापडत नाही. त्याने त्या चालीचे काय केले, यात ते सापडते.

पहिल्या प्रयोगासाठी मी नेहमी ‘स्टारडस्ट’ सुचवतो. मात्र त्याच्याकडे जाण्यापूर्वी अशा गाण्यांचा सांगाडा ओळखता आला पाहिजे, आणि त्यासाठी स्वरलेखन वाचता येण्याची मुळीच गरज नाही. बहुतेक गाण्यांचा मुख्य भाग बत्तीस बारांचा असतो आणि एका बारात सहसा चार मात्रा असतात. आठ बारांची एक चाल येते, तीच चाल नव्या शब्दांवर पुन्हा येते, मग आठ बार वेगळी चाल येते, जिला ब्रिज म्हणतात, आणि शेवटी पहिली चाल परतते. बोटांवर बार मोजत दोन-तीन गाणी ऐकली की हे वळण कानात बसते. हॅरॉल्ड आर्लेन यांनी स्वरबद्ध केलेले आणि ज्यूडी गार्लंड यांनी १९३९ मध्ये गायलेले ‘ओव्हर द रेनबो’ या सरावाला फार सोयीचे आहे. त्याच्या पहिल्याच शब्दात चाल एकदम एक सप्तक वर उडी घेते. ब्रिजमध्ये मात्र ती दोन सुरांमध्ये झोपाळ्यासारखी झुलत राहते. ही झोके घेणारी चाल सुरू झाली की आपण ब्रिजवर आलो आणि ती मोठी उडी पुन्हा ऐकू आली की घरी परतलो, इतके कळले तरी सुरुवातीला पुरेसे आहे.

या मुख्य भागाआधी अनेक गाण्यांना व्हर्स नावाचा एक वेगळा, मोकळ्या लयीचा भाग असे. संगीतनाटकांत पात्राच्या बोलण्यातून गाण्याकडे जाण्यासाठी तो पुलासारखा उपयोगी पडे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावे, आणि नाचणाऱ्यांना तर व्हर्सशी काहीच कर्तव्य नसे, त्यामुळे हा भाग सर्रास गाळला जाई. श्रोत्याने तो मुद्दाम शोधावा. अर्व्हिंग बर्लिन यांचे ‘व्हाइट ख्रिसमस’ जगभर बर्फाळ, उबदार नाताळाचे गाणे म्हणून ओळखले जाते. परंतु त्याच्या व्हर्समध्ये गाणारी व्यक्ती कॅलिफोर्नियातील बेव्हर्ली हिल्समध्ये, लख्ख उन्हात आणि हिरव्या ताडांच्या सान्निध्यात २४ डिसेंबरचा दिवस घालवत आहे. तो भाग ऐकल्यावर हे गाणे बर्फात बसून नव्हे, तर बर्फापासून दूर राहून गायलेले आहे हे लक्षात येते. बिंग क्रॉस्बी यांच्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रणात व्हर्स नाही, आणि माझ्या मते त्याने गाण्याचे नुकसान केले आहे, लोकप्रियतेचे मात्र नाही.

आता ‘स्टारडस्ट’. याची चाल होगी कारमायकल यांची असून शब्द मिचेल पॅरिश यांनी १९२९ मध्ये, म्हणजे चाल ध्वनिमुद्रित झाल्यानंतर, लिहिले. याचा मुख्य भागही बत्तीस बारांचाच आहे, पण त्यात वर सांगितल्यासारखा ब्रिज नाही. चाल अर्ध्यावर येऊन पुन्हा आरंभाकडे जाते आणि दुसऱ्या वेळी वेगळ्या वाटेने संपते. चालीत मोठमोठी अंतरे आहेत आणि ती पेटीवर वाजवण्यासाठी रचल्यासारखी वरखाली धावते, त्यामुळे गाणाऱ्याची परीक्षा पाहणारे असे हे गाणे आहे. प्रथम नॅट किंग कोल यांचे ध्वनिमुद्रण ऐकावे. ते १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातील तंतुवाद्यांचे संयोजन गॉर्डन जेंकिन्स यांचे आहे. कोल व्हर्सपासून सुरुवात करतात, चालीत फारसा फेरफार करत नाहीत आणि प्रत्येक शब्दाचे शेवटचे व्यंजनही स्पष्ट उच्चारतात, त्यामुळे चाल आणि शब्द दोन्ही पाठ होण्यासाठी याहून चांगला नमुना नाही. चाल मनात पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण पुढची गंमत तिच्यावरच अवलंबून आहे.

त्यानंतर लुई आर्मस्ट्राँग यांचे १९३१ चे ध्वनिमुद्रण लावावे. पहिल्या ऐकण्यात हे तेच गाणे आहे यावर विश्वास बसत नाही. आर्मस्ट्राँग आधी ट्रंपेटवर चाल वाजवतात आणि मग गायला लागतात तेव्हा कारमायकल यांच्या त्या डोंगरदऱ्या सपाट करून टाकतात. जिथे चाल चार-पाच सुरांवरून फिरते तिथे ते जवळजवळ एकाच सुरावर, बोलल्यासारखे, शब्द ढकलत नेतात. येथे ध्वनिमुद्रण थांबवावे आणि मूळ चाल स्वतः गुणगुणून पाहावी. आर्मस्ट्राँग यांनी काय काय गाळले आहे हे आपल्याला कळते आणि गाळलेले सूर मनात वाजत राहिल्यामुळे त्यांचे गाणे दुपदरी ऐकू येऊ लागते. तिसऱ्या पाळीला एला फिट्झजेराल्ड यांनी एलिस लार्किन्स यांच्या केवळ पियानोच्या साथीवर १९५४ मध्ये गायलेले रूप घ्यावे, आणि चौथ्या पाळीला फ्रँक सिनात्रा यांनी १९६१ मध्ये गायलेले. सिनात्रा यांनी त्या वेळी फक्त व्हर्स गायली आणि मुख्य गाणे सुरू होण्याच्या उंबरठ्यावरच थांबले. ज्याने कोल यांचे रूप पाठ केले आहे त्यालाच या थांबण्याचा चटका लागतो. विली नेल्सन यांनी गिटारच्या साथीने गायलेले आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेले साधे, कोरडे रूप पाचवे म्हणून ऐकावे.

पाच रूपे ऐकून झाल्यावर कान नेमके कुठे लावायचे, हा प्रश्न उरतो. मी सर्वांत आधी गायकाचे मात्रेशी असलेले नाते पाहतो. बिली हॉलिडे यांचे १९४१ मधील ‘ऑल ऑफ मी’ लावावे आणि पायाने ठेका धरावा. शब्द जिथे पडायला हवा तिथे तो पडत नाही. पाऊल आधी टेकते आणि शब्द मागून, रेंगाळत येतो, तरीही ओळ संपताना हॉलिडे ठेक्याला अचूक गाठतात. पाय स्थिर ठेवणे येथे महत्त्वाचे आहे, कारण तोही त्यांच्याबरोबर मागे सरकला तर काहीच कळणार नाही.

दुसरी गोष्ट मायक्रोफोनची आणि श्वासाची. १९२५ पासून विद्युत ध्वनिमुद्रण रूढ होऊ लागले. त्याआधी गायकाला कर्ण्यासमोर उभे राहून आवाज फेकावा लागे. मायक्रोफोनमुळे हळू गाणे शक्य झाले आणि क्रॉस्बी यांनी त्या हळुवारपणालाच शैली बनवले. सिनात्रा १९४० ते १९४२ या काळात टॉमी डॉर्सी यांच्या वाद्यवृंदात गात होते. डॉर्सी ट्रॉम्बोन हे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य वाजवताना लांबलचक ओळ कुठेही न तुटता कशी नेतात, याचे निरीक्षण करून त्यांनी आपला दमसास वाढवला. त्यामुळे त्यांची गाणी ऐकताना प्रत्येक श्वासाला कागदावर एक रेघ मारावी. रेघा किती यापेक्षा त्या कुठे पडतात हे पाहावे. सामान्य गायक चालीच्या शेवटी श्वास घेतो, सिनात्रा बहुधा वाक्याच्या अर्थानुसार घेतात.

संयोजनाबद्दल थोडक्यात एवढेच सांगतो की त्यालाही एखाद्या पात्रासारखे वागवावे. सिनात्रा यांच्या १९५६ मधील ‘आय हॅव्ह गॉट यू अंडर माय स्किन’मध्ये नेल्सन रिडल यांनी मध्यंतरातील वाद्ये थरावर थर चढवत नेली आहेत, त्या टोकावर मिल्ट बर्नहार्ट यांचा ट्रॉम्बोन उसळतो आणि गायक परततो तो त्या उंचीवरच. हा भाग एकदा गायकाकडे पूर्ण दुर्लक्ष करून ऐकावा.

ध्वनिमुद्रणाचे वर्ष तपासण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, कारण याबाबतीत मी स्वतः फसलो आहे. क्रॉस्बी यांचे ‘व्हाइट ख्रिसमस’ मी कित्येक वर्षे १९४२ चे समजून ऐकत होतो आणि युद्धकाळातील आवाज कसा असतो यावर मित्रांना ऐकवतही होतो. प्रत्यक्षात ते १९४७ चे होते. मूळ ठसा इतक्या प्रती काढून झिजला होता की त्यांना तेच गाणे पुन्हा गावे लागले, आणि आज बहुतेक ठिकाणी वाजते ते हे दुसरे रूप. कोल यांच्या ‘द ख्रिसमस साँग’चेही तसेच आहे, पहिले ध्वनिमुद्रण १९४६ चे, पण सर्वत्र ऐकू येते ते १९६१ चे. संग्रहावर छापलेले वर्ष पुष्कळदा त्या संग्रहाच्या प्रकाशनाचे असते, म्हणून ध्वनिमुद्रणाची तारीख स्वतंत्रपणे पाहावी.

तारखांचा आणखी एक उपयोग आहे. १९५६ च्या एप्रिलमध्ये अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे गात असताना गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांनी कोल यांच्यावर रंगमंचावरच हल्ला केला. त्याच वर्षी सुरू झालेल्या त्यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाला देशव्यापी प्रायोजक अखेरपर्यंत मिळाला नाही आणि १९५७ मध्ये तो बंद झाला. त्यांचे ‘स्टारडस्ट’ याच दोन वर्षांमधले आहे. हे ठाऊक झाल्यावर त्या आवाजातला संयम केवळ गोडवा म्हणून ऐकता येत नाही. निदान मला तरी येत नाही.

एका गाण्याचा असा अभ्यास झाला की मग खुशाल संग्रहांकडे जावे. फिट्झजेराल्ड यांनी १९५६ ते १९६४ या काळात कोल पोर्टर, अर्व्हिंग बर्लिन, गर्शविन बंधू आदी रचनाकारांची गाणी रचनाकारवार ध्वनिमुद्रित केली, ती कोणत्याही नव्या गाण्याची सरळ चाल शिकण्यासाठी कोशासारखी वापरावीत. सिनात्रा यांचा १९५५ चा ‘इन द वी स्मॉल अवर्स’ मात्र तुकड्यांनी ऐकू नये. सोळा गाणी एकाच विरहाच्या सुराची आहेत आणि त्यांचा क्रम जपावा. हॉलिडे यांचा १९५८ चा ‘लेडी इन सॅटिन’ सर्वांत शेवटी ठेवावा. मृत्यूच्या आदल्या वर्षीचा तो आवाज चरचरीत आणि थकलेला आहे, आणि त्यांची १९४१ ची गाणी आधी कानात नसतील तर त्यातली शब्दांची जाण त्या चरचरीखाली झाकून जाते.

हे सारे झाल्यावर ‘स्टारडस्ट’चे पहिले ध्वनिमुद्रण शोधून ऐकावे, जे कारमायकल यांनी ३१ ऑक्टोबर १९२७ रोजी इंडियाना राज्यातील रिचमंड येथे केले. त्यात शब्द नाहीत, कारण ते तेव्हा लिहिलेलेच नव्हते, आणि विरहही नाही. तीन आठवडे ज्या चालीवर आपण हळवे होत आलो, ती तिथे नाचाच्या चपळ लयीत, जराही न रेंगाळता पुढे निघून जाते.