सायकलचं मागचं टायर सारखं पंक्चर होत होतं, हा उपाय चालला

पुण्याच्या वेताळ टेकडीवर दर दोन-तीन राइडला मागचं चाक बसायचं, कधी बाभळीचा काटा, कधी दगडावर आपटून ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं. जाड ट्यूब टाकली, टायरच्या आतून लायनर (काटा अडवणारी पट्टी) लावला, मग हवा ४५ पीएसआय केली तर मुरमावर चाक घसरायला लागलं. जाम वैतागलो होतो.

शेवटी ट्यूबलेस केलं, म्हणजे ट्यूब काढून टाकली आणि टायरमध्येच सीलंट घातलं, हे पातळ द्रव छोटी भोकं आपोआप बुजवतं. रिम ट्यूबलेस रेडी (ट्यूबशिवाय हवा धरणारी) आहे ना ते आधी बघा. रिम स्पिरिटने पुसून कोरडी केली, आतल्या रुंदीची टेप ताणून लावली, वाल्वपुरतंच भोक पाडलं, वाल्व घट्ट केला. टायर २९ बाय २.३५, साइडवॉल जाड असलेलंच घ्या, हलक्या रेसिंग टायरची बाजू आपल्या दगडांवर फाटते. टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघून चढवलं, कडेला साबणाचं पाणी लावलं, वाल्वचा कोर (आतला छोटा भाग) काढून कंप्रेसरने हवा मारली, टक टक आवाज आला की कडा बसली. मग हवा सोडून वाल्वमधूनच १०० मिली सीलंट, कोर परत, हवा भरून चाक फिरवलं आणि दोन्ही कुशींवर थोडा थोडा वेळ आडवं ठेवलं.

वजन ७२ किलो, पुढे २२ मागे २५ पीएसआय ठेवतो. पावसाळ्यातल्या चिखलाला मात्र रबराच्या गुट्ट्या एकमेकींपासून दूर दूर असलेलं टायर पुढे लावतो. उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी बघत जा.