राजकीय सल्लागार व्हायचंय? आधी फॉर्म २० उघडा

या धंद्यात यायचंय म्हणणारी पोरं बहुतेक घोषणांची वही घेऊन भेटायला येतात. मी विचारतो, फॉर्म २० पाहिलाय का? मागच्या निवडणुकीत कुठल्या केंद्रावर कोणाला किती मतं पडली, ते त्यात असतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. स्कॅन केलेली पानं एक्सेलमध्ये उतरवताना डोळे जातात, पण मतदारसंघ तिथंच कळायला लागतो.

माझं पहिलं काम मराठवाड्यात होतं. एका गावाबद्दल कार्यकर्ते ठणकावून सांगायचे, "ते आपलंच आहे, तिथं वेळ घालवू नका." फॉर्म २० उघडला, तर गावातल्या दोन केंद्रांपैकी एकावर आम्ही सपाटून मागे. ते केंद्र ओढ्यापलीकडच्या वस्तीचं. सरपंच, सोसायटीचे चेअरमन सगळे अलीकडचे, त्यामुळे उमेदवाराची गाडी ओढ्यापाशीच वळायची. आम्ही उमेदवाराला पलीकडे नेलं. एक म्हातारी म्हणाली, "मागल्या खेपेला चिठ्ठ्या वाटायलाबी कुणी आलं न्हाई." ते केंद्र आम्ही जिंकलो नाही, पण पिछाडी निम्म्यावर आली.

पैशांचं थोडक्यात सांगतो. निम्मे आधी घ्या. पडलेला उमेदवार तुमच्यामुळे पडलेला असतो आणि निवडून आलेला स्वतःच्या हिमतीवर आलेला असतो. निकालानंतर दोघंही फोन उचलत नाहीत. विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख आहे, तेव्हा बिलं नीट ठेवा. पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव नसेल तर भानगड तुमच्या गळ्यात येते. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचार बंद, हे उत्साही पोरांना दर वेळी नव्यानं सांगावं लागतं.

पुढे चॅनेलवाले बोलवायला लागतात. आधी फोनो, म्हणजे फोनवरून थेट प्रतिक्रिया, मग पॅनेलवर खुर्ची. ज्याचं काम घेतलंय त्याच्याबद्दल 'विश्लेषक' म्हणून बोलू नका. बोलायचंच असेल तर अँकरला आधी सांगून ठेवा. मी एकदा हे टाळलं होतं, समोरच्या प्रवक्त्यानं लाइव्हमध्येच काढलं.

पण माझी खरी फजिती २०२४ ची. लोकसभेला महाविकास आघाडीनं ४८ पैकी ३० जागा घेतल्या होत्या. विधानसभेच्या तोंडावर आमची मुलं दिवसा गावोगाव सर्वेक्षण करत होती. पारावर पुरुष सोयाबीनच्या भावावर तापलेले. हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याच्या खाली. मी ती हवा धरली आणि आघाडीच येणार, असं स्टुडिओत छातीठोकपणे सांगून आलो. २३ नोव्हेंबरला महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांनीच २८८ पैकी २३० जागा जिंकल्या.

त्या रात्री सर्वेक्षणाचे कागद पुन्हा काढले. शंभर उत्तरांत वीसही बायका नव्हत्या. दिवसा त्या काढणीला, आणि जिथं घरी होत्या तिथं उत्तर नवऱ्यानंच दिलेलं. लाडकी बहीणचे महिना १,५०० रुपये त्यांच्याच खात्यात येत होते. एकट्या त्या योजनेनं निकाल फिरवला असं मी म्हणणार नाही; पण मी त्यांना विचारलंच नव्हतं.

आता टीममध्ये निम्म्या मुली असतात आणि गावात शिरायची वेळ संध्याकाळी सातनंतरची. भाकऱ्या चालू असतात, नवरा पारावर गेलेला असतो. मुलीला पाट मिळतो आणि सर्वेक्षणाचा फॉर्म भरायला अर्धा तास लागतो.