धोरणाचा पाठपुरावा करताना या चुका टाळा

अभ्यास पक्का, अहवाल नेटका, पत्रकार परिषदही झाली. तरी वर्ष उलटून काहीच हललं नाही. महाराष्ट्रात राज्य पातळीवर काम करणाऱ्या गटांची ही नेहमीची तक्रार. दोष बहुतेकदा अभ्यासात नसतो. हवा असलेला बदल कोणत्या कागदात होणार आणि त्यावर सही कोणाची, हे शोधण्याआधीच निवेदन लिहिलं जातं.

कागद चुकतो

कायद्यातलं कलम बदलायला विधिमंडळ लागतं. नियम बदलायला विभागाला राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. योजनेचे निकष, दर, समित्या हे बहुधा शासन निर्णयात असतं आणि अर्जासोबतच्या कागदपत्रांची अट अनेकदा साध्या परिपत्रकात. अशा परिपत्रकातल्या एका अटीसाठी मंत्र्यांकडे ‘कायदा बदला’ अशी मागणी केली, तर ते निवेदन फक्त फिरत राहतं.

यावर उपाय एकच : मूळ शासन निर्णय पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. वरच्या क्रमांकात ‘प्र.क्र.’ आणि त्याच्या आकड्यानंतर शेवटी बहुधा कार्यासनाची, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलाची खूण असते; काही विभाग ती ‘का-’ आणि आकडा अशी लिहितात. नस्ती (फाइल) तिथेच हलते. ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या शीर्षकाखाली आधीचे निर्णय दिलेले असतात. तेही काढा, कारण नडणारी अट बऱ्याचदा जुन्या निर्णयातून तशीच चालत आलेली असते. शेवटाकडे वित्त विभागाचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक दिसला, तर खर्चाला त्या विभागाची सहमती घेतलेली आहे. तुमच्या मागणीने खर्च वाढणार असेल, तर प्रस्ताव पुन्हा तिकडे जाणार हे गृहीत धरा. म्हणून लाभार्थी संख्या, दर आणि महिने यांचा गुणाकार करून वार्षिक खर्च निवेदनातच मांडा. कक्ष अधिकाऱ्याला टिपणी लिहिताना हाच आकडा लागतो. सोबत सध्याचा मजकूर आणि सुचवलेला मजकूर शेजारी शेजारी द्या. मसुदा नियमांवर हरकती-सूचना मागवल्या असतील तेव्हाही हाच तक्ता, नियम क्रमांकानुसार आणि मुदतीच्या आत.

केंद्र पुरस्कृत योजनेचे मूळ निकष राज्य बदलू शकत नाही. राज्याकडे स्वतःच्या निधीतून वाढीव रक्कम मागता येते. मागणी तेवढीच आणि तशीच लिहा.

आकडे जुळत नाहीत

इथे विश्वासार्हता सर्वात लवकर जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीतले (2015-16) ठाणे जिल्ह्याचे आकडे पाचव्या फेरीतल्या (2019-21) ठाण्याशी थेट ताडून पाहणं ही याची ठळक चूक. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाला, पण चौथी फेरी 2011 च्या जनगणनेतल्या जिल्ह्यांवर बेतलेली होती. म्हणजे आधीच्या ‘ठाण्यात’ आता पालघरमध्ये असलेले जव्हार-मोखाडा हे आदिवासी तालुके आहेत, नंतरच्यात नाहीत. कुपोषण घटलेलं दिसलं, तरी त्यात हद्दबदलाचा वाटा किती हे त्या आकड्यांवरून सांगता येणार नाही.

अंगणवाडीतली नोंद आणि नमुना सर्वेक्षण यांचीही गल्लत होते. पहिल्यात वजन-उंची घेतलेली मुलं मोजली जातात, दुसऱ्यात निवडलेल्या घरांमधली. कमी वजन (वयाच्या मानाने), बुटकेपणा (वयाच्या मानाने कमी उंची) आणि लुकडेपणा (उंचीच्या मानाने कमी वजन) हेही तीन वेगळे निर्देशांक आहेत. कोणता वापरला, छेदस्थानी कोण आहे (म्हणजे एकूण कोणत्या मुलांपैकी) आणि महिना कोणता, हे आकड्याशेजारीच लिहा.

अर्थसंकल्पाचंही तसंच. 2025-26 च्या पुस्तकात 2023-24 चा प्रत्यक्ष खर्च, 2024-25 चे अर्थसंकल्पीय आणि सुधारित अंदाज, आणि 2025-26 चा अंदाज असे रकाने असतात. सुधारित अंदाज घटवलेला असेल आणि त्याच्याशी नव्या अंदाजाची तुलना केली, तर वाढ फुगून दिसते. अर्थसंकल्पीय अंदाज अर्थसंकल्पीय अंदाजाशी, खर्च खर्चाशी ताडा. चालू वर्षाचा खर्च लेखाशीर्षानुसार (म्हणजे अर्थसंकल्पातल्या त्या-त्या खर्चाच्या सांकेतिक क्रमांकानुसार) ‘बीम्स’ या राज्य सरकारच्या निधी वितरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर पाहता येतो. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला जाताना केलेली मागणी त्या वर्षापुरती उशिराची असते. त्यानंतर वाट उरते ती पुरवणी मागण्यांची, म्हणजे वर्षाच्या मध्ये विधिमंडळाकडून मंजूर करून घेतल्या जाणाऱ्या जादा खर्चाची.

माहिती अर्जात ‘का’ विचारणं

‘निधी का दिला नाही?’ या प्रश्नाला उत्तर मिळण्याची अपेक्षा ठेवू नका. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने अभिलेखावर असलेली माहिती मिळते, खुलासा नाही. ‘अमुक लेखाशीर्षाखालील निधी वितरणाचे आदेश आणि संबंधित नस्तीतील टिपण्यांच्या प्रती’ असं मागा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांपर्यंत. शुल्क 10 रुपये. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. ही तारीख अर्ज देतानाच टिपून ठेवा, कारण मुदत चुकली की उशिराचं कारण पटवून देत बसावं लागतं. नस्ती जाडजूड असेल तर प्रतींऐवजी आधी अवलोकन मागा, हवी ती पानं खूण करा आणि तेवढ्याच प्रती घ्या.

लोकांची ओळख उघडी पडणं

नाव वगळलं पण गाव, वय, जात आणि घटना लिहिली, तर गावात ती व्यक्ती कोण हे लगेच कळतं. रेशन दुकानदाराविरुद्ध बोललेल्या बाईला नंतर त्याच दुकानात जायचं असतं. तालुक्यापर्यंतच थांबा, आणि छापण्याआधी तिचा मजकूर तिला वाचून दाखवा.

निर्णय निघाला की थांबणं

शासन निर्णय निघाल्यावर गट विखुरतात, आणि अंमलबजावणी नेमकी तिथेच अडते. लेखाशीर्षात तरतूद झाली का, निधी वितरणाचा आदेश निघाला का, जिल्हा कार्यालयाने तालुक्यांना पत्र पाठवलं का, या तीन गोष्टी दर महिन्याला तपासा. निर्णयाची प्रत जवळ ठेवा, त्यावरच्या संगणक संकेतांकासह. तालुक्यात ‘आमच्याकडे असं काही आलेलं नाही’ असं उत्तर मिळालं की तीच पुढे करायची आणि पत्राची पोच आवक क्रमांकासह घ्यायची.