भर ताणात मेंदू काय शिकतो? या चुका टाळा

तोंडी परीक्षा, मुलाखत, चारचौघांत झालेली खरडपट्टी. अशा वेळी ‘डोकंच चालेना’ असं आपण सहज म्हणून जातो. पहिली चूक इथेच होते. डोकं चालू असतं, शिकतही असतं. बदलते ती शिकण्याची पद्धत.

एरवी बक्षिसातून आपण कसं शिकतो, याचा पाया वोल्फ्राम शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू या मेंदूच्या अभ्यासकांनी १९९७ मध्ये मांडला. मध्यमेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की त्या उसळतात, ठरलेलं मिळालं नाही की मंदावतात. त्यावरून पुढचा अंदाज सुधारतो. तीव्र ताण या हिशेबातच ढवळाढवळ करतो.

प्रसंग संपला की ताणही संपला, असं मानू नका. मला ही सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. नॉरअ‍ॅड्रेनलिन हे आपल्याला सावध करणारं रसायन काही सेकंदांत वाढतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मात्र सावकाश चढतं आणि ताण सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखर गाठतं. म्हणजे मुलाखत आटोपून तुम्ही हुश्श करता, तेव्हा ते कदाचित सर्वांत वर असतं. नेमक्या त्याच वेळी आपण ‘हे क्षेत्र माझं नाहीच’ असले निकाल लावून मोकळे होतो. काय घडलं तेवढं लिहून ठेवा. त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी लावा.

ऐन ताणात नवी पद्धत वापरून बघणं ही आणखी एक चूक. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे पुढचा विचार करणारा भाग, ताणात ढिला पडतो आणि सवयीचं पारडं जड होतं. लार्स श्वाबे आणि ऑलिव्हर वोल्फ या मानसशास्त्रज्ञांच्या २००९ च्या प्रयोगात काही जणांना हात बर्फगार पाण्यात बुडवून ठेवायला लावला होता. नंतर एखादा पदार्थ पोटभर खाऊन झाला, तरी ही मंडळी तो मिळवून देणारा पर्याय निवडत राहिली. ताण न दिलेल्यांनी निवड बदलली. म्हणून ‘असं झालं तर मी तसं करेन’ एवढा साधा नियम शांतपणी ठरवा आणि हाताला वळण लागेपर्यंत घोटवा.

ओढ म्हणजे आवड, असं समजू नका. ताणात बक्षिसाची नुसती खूण दिसली तरी ते मिळवण्याची धडपड वाढते, पण मिळाल्यावरचा आनंद तेवढाच राहतो, असं प्रयोगात दिसलं आहे. मोबाइलकडे पुन्हापुन्हा हात जातो तेव्हा खूण नजरेआड करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. मनाशी झटापट करण्यापेक्षा ते सोपं.

शिक्षक आणि प्रशिक्षकांना एक कळकळीची विनंती. घाबरलेल्या मुलाला जागच्या जागी झापून तो धडा घेईल, ही आशा सोडा. काही प्रयोगांत ताणाखालची माणसं नकारात्मक प्रतिसादाचा कमी उपयोग करून घेतात, तर काहींत बक्षिसाचाच परिणाम बोथट होतो. ताण कसला, किती आधी दिला, माणूस कोण, यावर निकाल फिरतो. चूक सांगाच, पण तो सावरल्यावर, आणि एका वेळी एकच.

हे सगळं तासाभराच्या ताणाबद्दल आहे. आठवडेच्या आठवडे कशातच गोडी वाटत नसेल, झोप उडाली असेल, तर वरचे उपाय करत बसू नका, डॉक्टरांना भेटा.