रात्रीच्या लायटिंगच्या मिरवणुकीचे फोटो: मीटर बंद, डोकं चालू

रात्रीच्या रोषणाईच्या मिरवणुकीचे फोटो कसे काढायचे असं कुणी विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. ट्रायपॉड घ्या, आयएसओ (हा आकडा वाढवला की फोटो उजळ होतो) १०० च्या वर नेऊ नका, फोन असेल तर नाइट मोड लावा. रात्रीच्या एखाद्या पुलाचा नाहीतर बिल्डिंगचा फोटो काढायचा असेल तर हे सगळं बरोबर आहे, कारण पूल कुठे जात नाही. मिरवणूक चालते, तिच्यातली माणसं नाचतात, दिवे उघडझाप करतात. ट्रायपॉडने कॅमेरा स्थिर राहील, चित्ररथ कसा राहील? आणि गर्दीत तीन पाय पसरून उभे राहिलात तर कुणीतरी अडखळणार आणि शिव्या तुम्हीच खाणार. ट्रायपॉड घरी ठेवा.

बॅटरी चार्ज, कार्ड रिकामं, लेन्स पुसलेली, हे धरून चालते.

जागा

मिरवणूक जिथे वळते तो कोपरा शोधा आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहा. चित्ररथ आधी सरळ तुमच्या अंगावर येतो, मग वळताना अख्खी बाजू दाखवतो, आणि वळायचं म्हणून जरा हळूही होतो, म्हणजे एकाच जागी उभं राहून दोन वेगळे फोटो. सरळ रस्त्याच्या मधल्या भागात उभे राहिलात तर तो समोरून आडवा निघून जातो आणि हातात नुसता एक आडवा फोटो उरतो. उभं राहायच्या आधी पाठीमागे काय येतंय ते बघा. काळोख किंवा लांबची झाडं असतील तर उत्तम, झगमगती पाटी असेल तर चार पावलं सरका. पुढच्या रांगेत जागा मिळाली तर बसा. मागच्यांना दिसतं, आणि खालून काढल्यामुळे रथ उंच दिसतो, पलीकडच्या गर्दीची डोकी झाकली जातात. रस्ता ओला असेल तर अजून खाली जा, अर्धी रोषणाई जमिनीवर मिळते.

मिरवणूक सूर्य मावळल्यावर लगेच सुरू होणार असेल तर मार्गाच्या सुरुवातीला थांबा. आकाशात निळा रंग साधारण वीस-तीस मिनिटं टिकतो, त्यानंतर वर नुसतं काळं.

लेन्स

५० मिमी एफ/१.८ ही स्वस्तातली प्राइम (झूम नसलेली लेन्स; एफचा आकडा जितका लहान तितका आत उजेड जास्त) असेल तर प्रश्नच मिटला. किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येते ती) असेल तर झूम करू नका, वाइड ठेवा आणि जवळ जा, कारण नेहमीच्या १८-५५ ला १८ वर एफ/३.५ मिळतं आणि ५५ वर एफ/५.६, म्हणजे आत येणारा प्रकाश जवळजवळ अडीचपट कमी.

आधीच करून ठेवायच्या सेटिंग

रॉ मध्ये काढा, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल मिळते. व्हाइट बॅलन्स (फोटो पिवळट की निळसर हे ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, चारेक हजार केल्विनला ठोकून द्या, नाहीतर लाल रथ आला की कॅमेरा निळा ओततो, निळा आला की पिवळा ओततो आणि घरी गेल्यावर दोन फोटोंचे रंग जुळत नाहीत. शटर मेकॅनिकल, म्हणजे सायलेंट मोड बंद. फोकस कंटिन्युअस, पॉइंट एकच, आणि तो उघड्या बल्बवर नाही तर कडेवर धरायचा, म्हणजे टोपीची कड, मुखवट्याची कड, चेहरा आणि काळोख जिथे भेटतात ती रेघ. फोकसला मदत म्हणून कॅमेऱ्याच्या पुढे एक छोटा दिवा पेटतो, तो मेनूत जाऊन बंद करा, समोरच्याच्या डोळ्यात जातो.

फ्लॅश बंद. यावर चर्चा नाही. लांबच्या रथाला त्याचा फारसा उपयोग नाही, जवळ काही असेल तर रोषणाईचे सगळे रंग मारून टाकतो, आणि रथ चालवणाऱ्याच्या किंवा घोड्याच्या डोळ्यावर चमकला तर पुढचं तुम्हीच विचार करा.

एक्सपोजर, म्हणजे खरी मारामारी

एक्सपोजर म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते. मी सगळ्यात जास्त काळ इथेच अडकलेले होते, आणि नवीन माणूस हमखास इथेच अडकतो, तेव्हा जरा नीट वाचा.

कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारी यंत्रणा, समोरचं दृश्य सरासरी मध्यम उजेडाचं असावं असं धरून चालतो. दुपारी हे चालून जातं. रात्रीच्या मिरवणुकीत फ्रेमचा बराचसा भाग काळा असतो आणि मधे कुठेतरी एक झगझगीत रथ. मीटर बघतो, म्हणतो अरे किती अंधार, आणि शटर उघडं ठेवतो. मग काळं आकाश राखाडी होतं, दिव्यांचे पांढरे गोळे होतात, आणि शटर १/८ सेकंदावर गेल्यामुळे सगळं हललेलं. दोन मिनिटांनी तोच रथ जवळ येऊन फ्रेम भरतो, आता मीटर म्हणतो फार उजेड झाला, आणि फोटो काळा. म्हणजे दिवे तेच, रथ तोच आणि दहा फोटोंची दहा एक्सपोजर. मायनस एक, मायनस दोन एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) लावा असा सल्ला मिळतो, तो अर्धाच बरोबर आहे, कारण फ्रेम बदलली की तो आकडाही बदलायला हवा आणि तेवढा वेळ कुणाकडे असतो.

तेव्हा मॅन्युअल मोड. आकडे ठरवायचा क्रम असा: आधी शटर, कारण ते माणसांच्या हालचालीवर ठरतं. नाचणारे असतील तर १/२००, निव्वळ चालणारा रथ असेल तर १/१२५ पुरतं. मग अपर्चर (लेन्सचं भोक, म्हणजे तो एफचा आकडा), लेन्स देईल तेवढं मोठं, फार तर एफ/२.८ पर्यंत बंद. उरलेलं सगळं आयएसओवर, सुरुवात १६०० पासून, एफ/३.५ ची लेन्स असेल तर २५०० पासून.

आणि इथे एक खड्डा आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत मॅन्युअल मोडमध्येही ऑटो आयएसओ चालू राहतो. तुम्ही खुशीत की मी मॅन्युअलवर आहे, आणि ज्या मीटरला पुढच्या दाराने हाकललं तो मागच्या दाराने आत येऊन बसलेला. ऑटो आयएसओ बंद आहे की नाही ते घरीच बघा, गर्दीत अंधारात मेनू शोधत बसू नका.

पहिला रथ फोटोसाठी नाही, तो टेस्टसाठी आहे असं समजा. स्क्रीनचा ब्राइटनेस आधीच कमी करून ठेवा, कारण अंधारात भगभगीत स्क्रीनवर काळाकुट्ट फोटोही छान दिसतो आणि घरी आल्यावर रडायची वेळ येते. एक फोटो काढा, झूम करून बघा. बल्ब स्वतः पांढरा दिसला तर दिसू दे, तो पांढराच येणार, त्याला वाचवायला गेलात तर बाकी सगळं जाईल. बघायचं आहे ते बल्बच्या शेजारी: लाल दिव्याच्या भोवतीचं कापड लाल दिसतंय की गुलाबी-पांढरं झालंय? रंगवलेल्या पॅनलवरचं चित्र दिसतंय ना?

निळा आणि जांभळा हे सगळ्यात फसवे. साधा हिस्टोग्राम (फोटोत काळं किती, उजळ किती ते दाखवणारा आलेख) म्हणतो अजून भरपूर जागा आहे, उजेड जास्त झाल्याची धोक्याची चमकही दिसत नाही, आणि तरी फोटो गेलेला असतो, कारण फक्त निळा चॅनल भरून वाहिलेला असतो आणि एकत्रित हिस्टोग्राममध्ये निळ्याचं वजन फार थोडं धरतात. म्हणून लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा हिस्टोग्राम लावा. तो नसेल तर माझी साधी परीक्षा अशी, निळ्या उजेडातल्या घागऱ्याच्या चुण्या बघायच्या. चुण्या दिसल्या तर ठीक. घागरा एकसारखा निळा पत्रा दिसायला लागला तर आयएसओ तीन टिक खाली.

टिक म्हणजे डायलचा टिक. बहुतेक कॅमेऱ्यांत तीन टिक म्हणजे एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा (काहींत एका टिकला अख्खा स्टॉप असतो, मेनूत बघून घ्या), आणि हे मोजायची सवय लावली की स्क्रीनकडे न बघता काम होतं. कारण तुम्हाला एक नाही, दोन एक्सपोजर लागणार आहेत: एक रथासाठी, एक दोन रथांच्या मधे चालणाऱ्या माणसांसाठी. त्यांच्यावर स्वतःचे दिवे नसतात, ती एक-दोन स्टॉप अंधारात असतात. रथाला १६०० असेल तर माणसं आली की चार टिक वर, ४०००. पुढचा रथ आला की चार टिक खाली. बस. वर चार, खाली चार, शटर आणि अपर्चरला हात लावायचा नाही. एकाच एक्सपोजरमध्ये दोन्ही बसवू आणि मग घरी उजळवू असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. अंधारात काढून नंतर ओढून उजळवलेल्या फोटोत बऱ्याच कॅमेऱ्यांत जास्त आयएसओच्या फोटोपेक्षा घाण नॉइज (दाणे) दिसतो, विशेषतः चेहऱ्यावर. ३२००, ६४०० ला घाबरायचे दिवस गेले. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

आता अंधारातली माणसं काढायचीच आहेत तर कुठली काढायची तेही सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. रथाच्या पुढे चालणाऱ्यांच्या पाठीवर उजेड पडतो, चेहरा काळा राहतो, फक्त केसांना आणि खांद्यांना झळाळती कड मिळते. रथाच्या लगेच मागे चालणाऱ्यांच्या मात्र थेट तोंडावर उजेड येतो, त्या रथाच्या मागच्या दिव्यांचा. चेहरे हवे असतील तर रथ पुढे गेल्या गेल्या त्याच्या मागून येणाऱ्या पहिल्या दोन रांगा टिपा. लोक नेमके याच वेळी कॅमेरा खाली करून आत्ताचा फोटो बघत बसतात.

पट्टे

फोटोत आडवे काळे पट्टे आले, किंवा अर्धा रथ पेटलेला आणि अर्धा विझलेला आला तर कॅमेरा बिघडलेला नाही. एलईडी सतत पेटलेले नसतात, फार वेगाने उघडझाप करत असतात, डोळ्याला कळत नाही पण शटरला कळतं. घरगुती विजेवर हे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा होतं, देशात ५० हर्ट्झ आहे की ६० त्यावर, आणि बहुतेक कॅमेऱ्यांतलं अँटी-फ्लिकर (ही उघडझाप टाळणारी सेटिंग) तेवढंच ओळखतं. चालत्या रथावरचे दिवे बॅटरीवर नाहीतर जनरेटरवर असतात, मधे डिमर (उजेड कमी-जास्त करणारा) असतो, त्यांची उघडझाप भलत्याच वेगाने चालते, तेव्हा त्या सेटिंगच्या भरवशावर राहू नका. शटर १/२०० वरून १/१०० किंवा १/१२५ वर आणा आणि आयएसओ तेवढाच खाली घ्या, बहुतेक वेळा भागतं. मेकॅनिकल शटर म्हटलं ते याचसाठी, सायलेंट मोडमध्ये पट्टे फार वाईट येतात.

दिवे मुद्दाम धावते, उघडमिट करणारे असतील तर त्यांचा ठेका दोन-तीन वेळा बघून घ्या आणि सगळं पेटायच्या जरा आधी पाच-सहा फोटोंचा छोटा बर्स्ट मारा. अख्खी मिरवणूक बर्स्टवर काढू नका, बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत साठवायची जागा) भरून कॅमेरा नेमका चांगल्या क्षणी गप्प बसतो.

फोनवाल्यांसाठी

नाइट मोड बंद, तो बरेच फोटो एकावर एक रचतो आणि चालत्या माणसांची भुतं होतात. रथाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, एक्सपोजर लॉक झालं की बोट खाली ओढून फोटो थोडा काळपट करा, रंग लगेच परत येतात. चिमटीने झूम करू नका, जवळ जा. स्क्रीनवर काढण्यापेक्षा आवाजाच्या बटणाने काढा, फोन कमी हलतो.

पॅनिंग, हौस असेल तर

मनासारखे दहा-बारा फोटो झाले असतील तरच. रथ आडवा जाताना शटर १/२०, अपर्चर एफ/४, आयएसओ ४००, आणि कंबरेतून वळत रथाबरोबर कॅमेरा फिरवत राहायचं, फोटो निघाल्यावरही थांबायचं नाही. लांबच्या दिव्यांच्या रेघा ओढल्या जातात आणि रथ त्यातल्या त्यात स्पष्ट राहतो. बहुतेक फोटो वाया जातात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण परत १/२०० वर यायला विसरू नका, सेटिंग तशीच राहून पुढचे तीन रथ हललेले आले की चिडचिड होते.

दोरीच्या आत जायचं नाही. चांगल्या अँगलसाठी सुद्धा नाही. रथ चालवणाऱ्याला अगदी पुढचं, जवळचं फारसं दिसत नाही.

घरी आल्यावर

जागेवर उभं राहून फोटो डिलीट करू नका, छोट्या स्क्रीनवर चुकीचेच उडतात. घरी सगळ्यांना एकच व्हाइट बॅलन्स लावा, डिनॉइज (दाणे घालवायची सेटिंग) हलकं ठेवा, जास्त झालं की चेहरे मेणाचे दिसतात. काळ्याची पट्टी थोडी खाली ओढा म्हणजे आकाश परत काळं होतं आणि सावलीतला बराचसा नॉइज त्यातच बुडतो. सॅच्युरेशनला (रंगांच्या गडदपणाला) मात्र हात लावू नका, एलईडीचे रंग आधीच काठोकाठ भरलेले असतात, अजून एक रेघ वाढवली तरी त्या घागऱ्याच्या ज्या चुण्या एवढ्या खटपटीने वाचवल्या त्या जातात.