एमटीबीवर (माउंटन बाइकवर) जंप मारताना बॅलन्स कसा धरायचा, बेळगाव-खानापूरकडच्या पोरांसाठी

चाकानं एकदा जमीन सोडली की तुमच्या हातात लई कमी उरतं बघा. सायकल सरळ जाणार का नाक खाली करून जाणार हे रॅम्पच्या शेवटच्या हातभर मातीत ठरून गेलेलं असतं, त्यामुळं हवेत काय करायचं ते नंतर, आधी रॅम्पवर काय करायचं ते पायात बसवा. पायातच म्हणतोय मी, कारण बरीच पोरं हातानं जंप मारायला बघतात, हँडल वर ओढतात, एक हात जास्त ओढला जातो आणि सायकल तिरकी होते.

सीट पूर्ण खाली करा. दोन्ही पेडल एका लेव्हलला, वजन पेडलवर, टाचा जरा खाली, गुडघे नि कोपरं सैल. सीटवर बसून रॅम्पवर गेलात तर सीट मागनं ढकलते आणि तुम्ही हँडलवरनं पुढं.

आता खरं काम. रॅम्प चढायला लागतो तिथं गुडघे नि कोपरं वाकवून सायकल जमिनीत दाबायची आणि कडेला पोचेपर्यंत पाय सरळ करत उठायचं, जागेवर उडी मारताना आपण आधी वाकून मग उठतो की नाही, तसंच. लवकर उठलात तर दाब वाया जातो, उशीर केलात किंवा अंग ताठ ठेवून नुसतं स्पीडनं गेलात तर रॅम्प मागच्या चाकाला वर फेकतो आणि नाक खाली जातं. हे टायमिंग आधी छोट्या उंचवट्यांवर, चाक न उचलता, नुसतं दाबत-सोडत जमवा. रॅम्पवर ब्रेक अजिबात नको, पुढचा तर नकोच, भीती वाटली तर लई आधी थांबायचं.

हवेत सायकल आपल्याकडं वर येऊ द्या, गुडघे-कोपरं वाकू देत, नजर लँडिंगवर. पुढच्या चाकाकडं बघत बसलात की अंग पण तिकडंच जातं. नाक जास्तच वर चाललंय असं वाटलं तर मागचा ब्रेक हलका दाबा, फिरतं चाक थांबलं की नाक थोडं खाली येतं. नाक खाली चाललं असेल तर ब्रेकला हातच लावू नका, कंबर मागं न्या आणि हात लांब करा. टेकायच्या जरा आधी पाय लांब करायचे म्हणजे टेकल्यावर वाकायला जागा राहते. लँडिंगला उतार असेल तर दोन्ही चाकं त्या उताराला धरून, सपाट असेल तर दोन्ही एकदम.

पहिला जंप टेबलटॉपच पाहिजे, म्हणजे मधे खड्डा नाही, भरीव माती, कमी पडलात तरी वरच टेकता. एक फूट उंची बास झाली, आणि उतरायची बाजू चढायच्या बाजूपेक्षा लांब ठेवा. खानापूर, जांबोटीकडची लाल माती दसऱ्याच्या सुमारास ओलसर असते तेव्हा ठोकून मस्त बसते, पावसाळ्यात ती घसरते आणि उन्हाळ्यात वर बारीक खडी सुटते, तेव्हा रॅम्पवर पाणी मारून ठोकल्याशिवाय जाऊ नका. बैलहोंगल साइडची काळी माती ओली असली तर चाकालाच चिकटते, तिथं सुकेपर्यंत थांबायचं. आणि एक कळकळीनं सांगतो, भातशेतीचे बांध जंपसारखे दिसतात म्हणून त्यावर जाऊ नका गा, बांध ढासळला की शेतातलं पाणी जातं. भीमगड अभयारण्यात फावडं घेऊन रॅम्प करायला जायचं तर नावच काढू नका.

हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड पहिल्या दिवसापासनं.

सायकलचं पण बघा की. पुढं शॉक दिसतो म्हणून साधी गिअरची सायकल जंपला चालते असं नाही. मागं शॉक असेल आणि प्रत्येक जंपला मागनं लाथ बसल्यासारखं होत असेल तर रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत वर यायचा वेग, थोडा हळू करून बघा. निघायच्या आधी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागं-पुढं हलवा, हँडलच्या खाली टकटक लागली तर आधी तिथलं घट्ट करून घ्या, मगच रॅम्पवर.