टाइमझोनच्या या चुका टाळा: पहाटे साडेपाचच्या आधी हरवणारी तारीख

आजची तारीख हवी असली की जावास्क्रिप्टमध्ये बहुतेक जण टू-आयएसओ-स्ट्रिंग (तारीख-वेळ मजकुरात बदलून देणारं फंक्शन) वापरतात आणि पहिली दहा अक्षरं कापून घेतात. ही तारीख यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची असते, भारताची नाही. आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे रात्री बारापासून पहाटे 5:30 पर्यंत कालचीच तारीख हाती येते.

घरपोच दुधाचं ॲप घ्या. 1 एप्रिलला पहाटे 5:10 ला दोन लिटरची नोंद केली तर ती 31 मार्चवर पडते, म्हणजे थेट मागच्या महिन्याच्या बिलात. 5:40 ची नोंद मात्र बरोबर. डेव्हलपर तपासणार सकाळी अकराला, तेव्हा सगळं ठीकच दिसतं. मग घाईत कुणीतरी वेळेत 330 मिनिटं मिळवून मोकळं होतं. हा जुगाड सगळ्यात घातक! तोच बदललेल्या वेळेचा ऑब्जेक्ट सर्व्हरला गेला की वेळच चुकीची साठते आणि स्क्रीनवर 5:10 चे 10:40 होतात. त्याऐवजी इंटल-डेटटाइमफॉरमॅटला (जावास्क्रिप्टमधलं तारीख-वेळ दाखवणारं साधन) 'एशिया/कोलकाता' हा झोन स्पष्ट सांगा, आणि चाचणीत घड्याळ 5:29 व 5:31 वर लावून दोन्ही तारखा बघा. सर्व्हर यूटीसीवरच ठेवा.

"सगळं यूटीसीत साठवा" हा सल्लाही अर्धाच. घडून गेलेल्या गोष्टींना तो चालतो. पण न्यूयॉर्कची रोजची सकाळी 9:30 ची मीटिंग 2024 च्या ऑक्टोबरमध्ये 13:30 यूटीसी म्हणून साठवली असेल, तर 3 नोव्हेंबरला तिथलं घड्याळ हिवाळ्यासाठी एक तास मागे गेल्यावर ती 8:30 ला दिसते. पुण्यातल्या टीमला संध्याकाळी सातऐवजी आठला बसायचं असतं, ते कॅलेंडर सांगतच नाही. पुढच्या वेळांसाठी स्थानिक वेळ आणि 'अमेरिका/न्यूयॉर्क' हे झोनचं नाव असं दोन्ही साठवा. यूटीसीपासूनचा नुसता उणे चार तासांचा फरक साठवून भागत नाही, कारण सरकारं नियमच बदलतात. मेक्सिकोने 2022 मध्ये बहुतांश भागात घड्याळ पुढेमागे करणं बंद केलं.

बाकीच्या चुका थोडक्यात. यूटीसीपासूनचा फरक पूर्ण तासांत साठवू नका, नेपाळ 5:45 वर आहे. भारतीय वेळेसाठी 'आयएसटी' हे लघुरूप लिहू नका, आयर्लंड आणि इस्रायलही तेच लिहितात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये कन्व्हर्ट-टीझेड या झोन बदलणाऱ्या फंक्शनला झोनचं बरोबर नाव दिल्यावरही नल (रिकामं उत्तर) येत असेल तर बहुधा टाइमझोनची टेबलं भरलेलीच नाहीत. पोस्टग्रेस या डेटाबेसचा टाइमस्टॅम्पटीझेड हा वेळेचा प्रकार मूळ झोन लक्षात ठेवत नाही, त्यासाठी वेगळा कॉलम लागतो. आणि जन्मतारखेला वेळ जोडू नका. ती साध्या डेट प्रकारातच ठेवा.